साळूबाईचं रीळ

साळूबाई खोटं बोलत नाही, ही गोष्ट गावात सात-बाराच्या उताऱ्यासारखी होती. कुणी तपासत बसत नसे. मागं एकदा बांधाच्या भांडणात तिनं पंचांपुढं सख्ख्या दिरालाच खोटं पाडलं होतं. "दगड ह्यानंच सरकवला, भरदिवसा, मी बघितला," असं सांगून ती घरी आली आणि त्याच दिराला तिनं ताट वाढलं. दीर दोन महिने बोलला नाही. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पोरीच्या सोयरिकीला पाहुणे आले, तेव्हा घराविषयी चार शब्द सांगायला त्यानं साळूबाईलाच पुढं बसवलं. असल्या बाईनं बरं सांगितलं तर ते बरंच असणार, हे पाहुण्यांनाही कळत होतं.

शाळेचं म्हणाल तर ती दुसरीपर्यंत. मास्तर बदलून गेले आणि तिची शाळाही त्यांच्याबरोबर गेली. सही करायची, पण आधी कागद दुसऱ्याकडून दोनदा वाचून घ्यायची. एकदा कागदाकडं बघत आणि एकदा वाचणाऱ्याच्या तोंडाकडं. विळ्याला धार लावावी लागते, तिच्या जिभेला कधी लावावी लागली नाही. मुलगा बद्रीनाथ पन्नाशीला आला तरी माय बोलायला लागली की चपला शोधायचा.

अशा बाईच्या घरात तृप्ती नावाची नात होती, वय एकोणीस, आणि तृप्तीच्या हातात फोन होता.

तो आला त्याची तारीख साळूबाईला पाठ होती. रोगाच्या वर्षी शाळा बंद पडल्या, पोरीला ऑनलाइन शिकायचं म्हणून बद्रीनाथनं घेतला. पुढं शाळा उघडल्या, फोन काही परत गेला नाही. उजव्या हातात भाकर, डाव्या हातात फोन. आवाज दिला तर पोरगी "हं" म्हणायची, पण ते "हं" आवाज देणाऱ्याला नसायचं. बारावी झाल्यावर वंदनानं, म्हणजे तिच्या आईनं, घनसावंगीला शिवणक्लास लावून दिला. जीपनं जायची, यायची. घरी शिलाई मशीनही आलं. वीस दिवस झाले आणि क्लास सुटला. का सुटला ते विचारलं तर "तिथं करमत न्हाई." मशीन मात्र कामाला लागलं. त्याच्या फळीवर फोन चार्जिंगला ठेवायचे.

गेल्या दिवाळीत साळूबाईनं फोन जवारीच्या कोठीत पुरला होता. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी साळूबाईनं जवारीत खांद्यापर्यंत हात घालून तो काढला आणि तिच्या ताटात ठेवला. "घे. तुझं जेवण." त्यानंतर ती त्या विषयावर बोलायची थांबली. बोलायची थांबली म्हणजे फक्त सकाळ-संध्याकाळ बोलायची.

माघाचे दिवस होते. तुरी घरात आल्या होत्या. अंगणात लिंबाखाली साळूबाई तूर पाखडत बसली होती, तेव्हा मालनबाई आली.

मालनबाई तिच्याच वयाची, दोन वर्षं इकडं-तिकडं. पलीकडच्या आळीत भिवाची बायको म्हणून आली तेव्हा साळूबाईही नुकतीच नांदायला आली होती. दोघींनी तीस वर्षं एका वावरात खुरपलं, एका वावरात कापूस वेचला. साळूबाईची सासू असेपर्यंत मालनला पाणी वरून, ओंजळीत मिळायचं. सासू गेली त्या वर्षी साळूबाईनं पहिल्यांदा तिच्या हातात तांब्या दिला. मालन पाणी प्याली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "पंधरा वर्षं उशिरा दिला, पण गार हाय." तेव्हा साळूबाईला कळलं की गावात आपल्या जिभेला जोड आहे.

"साळू, पणतू झालाय मला, म्हाईत हाय ना," मालनबाई सुपाजवळ बसत म्हणाली. "दहा दिवसांनी नाव ठेवायचंय. सगळ्यांनी यायचं. तू पुढं बसायचं."

"येते की. दीपमाला बरी हाय का?"

दीपमाला मालनबाईची नातसून, तिच्या नातवाची म्हणजे प्रेमची बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची.

"बरी हाय. रजेवर हाय, पण बसवत न्हाई तिला. लेकरू झोपलं की वह्या काढती." मालनबाईनं चार तुरी तोंडात टाकल्या. "आन तुझी तृप्ती? काय करून राह्यली आता?"

आत बाजेवर तृप्ती सकाळपासून आडवी होती. दारातून तिचे पाय दिसत होते. साळूबाईनं पायांकडं बघितलं, मालनबाईकडं बघितलं. दीपमालाच्या वह्या तिच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. पोरी त्या फोनातल्या चित्रांना 'रील' म्हणतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण बोलताना तिची जीभ जरा वळली. 'ल'वरून 'ळ'वर. एवढंच झालं.

"तृप्ती व्हय? तिच्या हातात दिवसभर रीळ असतं बघ. उठली की रीळ, जेवताना बी रीळ. मीच म्हणते, बाई, डोळे जातील, थोडी थांब."

"अगं बाई," मालनबाईचा चेहरा उजळला. "शिवती ती? मशीन घेतल्याचं ऐकलं व्हतं मी. मंग बराबर."

साळूबाईनं सूप जोरात पाखडलं. ती खोटं बोलली नव्हती. तिनं मनातल्या मनात ते वाक्य उलटंपालटं करून बघितलं. कुठं खोट सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालनबाई परत आली. पदराखाली गठुडं होतं. त्यात निळं साटीन होतं, नवं. आणि त्याच्या खाली घडी घातलेलं एक पांढरं कापड, इतकं जुनं की हाताला दुधाच्या सायीसारखं लागत होतं.

"पणतवाला कुंची शिवायचीय," मालनबाई म्हणाली. "वरून हे निळं. आतून हे. माझ्या आईचं लुगडं हाय. दीक्षा घेतली त्या दिवशी नेसली होती. घरातल्या प्रत्येक लेकराच्या पहिल्या अंगड्याला त्यातला तुकडा लागलाय. आता एवढंच उरलंय. बाजारात टेलरकडं द्यायला जीव व्हत न्हाई. तृप्तीच्या हातची होऊ दे."

कुंची म्हणजे लेकराच्या डोक्याला टोपी आणि पाठीवरून खाली सोडलेला घोळ, एकाच कापडाचा. बोलायचं होतं तर हीच वेळ होती. साळूबाईला ते कळलं. पण तिला दुसरंही कळलं. या घरातून त्या घरात जुनी लुगडी गेली होती, शिळी भाकर गेली होती, हंगामाची जवारी गेली होती. त्या घरातली चीज विश्वासानं या घरात आज पहिल्यांदा आली होती. त्या पांढऱ्या कापडावर हात ठेवून 'मी तुझ्याशी वाकडं बोलले' म्हणायला जी जीभ लागते, ती तिच्याजवळ नव्हती. तिच्याजवळची जीभ सगळी दुसऱ्यांचं खोटं काढण्यासाठी होती.

"ठेव," ती म्हणाली.

मालनबाई गेल्यावर तिनं गठुडं तृप्तीच्या पोटावर ठेवलं आणि झालेलं सांगितलं. तृप्तीनं फोन खाली केला. बऱ्याच दिवसांनी तिनं आजीकडं पूर्ण तोंड करून बघितलं.

"आज्जी, तू खोटं बोललीस."

"खोटं न्हाई बोलले. वाकडं बोलले."

"एकच ते."

"एक न्हाई. पण तुला समजायला तू इकडं बघायला पाहिजे ना. आठ दिवसात कुंची पाहिजे."

"मला येत न्हाई. वीस दिवसात परकर शिकले व्हते, तो बी उलटा झालता. तू सरळ जाऊन सांग मालन आज्जीला, की माझी नात बिनकामाची हाय." तिनं फोन परत उचलला. "रोज मला तर सांगतीसच."

हे साळूबाईला लागलं. लागलं ते खरं होतं म्हणून लागलं.

पुढचा दिवस कुंभार पिंपळगावच्या बाजाराचा. साळूबाईनं गठुडं पिशवीत घातलं, वर भाजीसाठी गोणपाट ठेवलं आणि बद्रीनाथच्या गाडीवर बसून गेली. बाजाराच्या कडेला मिथुन टेलरचं दुकान. मिथुन मशीन चालवत होता आणि मशीनच्या मुंडक्याला टेकवून उभ्या केलेल्या फोनात कुणीतरी नाचत होतं. एक डोळा सुईवर, एक डोळा नाचावर.

"या मावशी," तो पाय न थांबवता म्हणाला. "तुम्ही कशाला आल्या आमच्याकडं? तुमच्या घरातच टेलर हाय म्हणं आता. मालन मावशी सांगत व्हत्या सकाळी."

साळूबाईचा हात पिशवीत होता, पांढऱ्या कापडावर. तो तिथंच राहिला.

"सुया पाहिजेत," ती म्हणाली. "आन एक पांढरं रीळ."

रीळ घेऊन ती परत आली. गाडीवर मागं बसून तिच्या मनात आलं, एक वाकडं बोललं की त्याला टेकण द्यायला दुसरं लागतं, आणि दुसऱ्याला तिसरं. पडकी भिंतही इतकी टेकणं मागत नाही.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं अंगणात तूर वाळत घातली, बाज लिंबाच्या सावलीत ओढली आणि तृप्तीला हाक मारली.

"ये. दाखव मला, काय हाय त्या फोनात."

"कामून? पुरायच्या आधी चेहरा बघून घ्यायचाय का त्याचा?"

"बघू दे तर. वैऱ्याचं घर एकदा आतून बघावं."

तृप्ती हसली. आजीशेजारी बसली, फोन तिच्या हातात दिला आणि अंगठा कसा वर सारायचा ते दाखवलं. साळूबाईनं सारला. एक बाई एकटी शंभर भाकरी थापत होती. सारला. कुठल्या तरी मुलखात एक म्हातारा नदीत जाळं टाकत होता. सारला. एक कुत्रं ट्रॅक्टरवर बसून चाललं होतं, मालकासारखं. सारला. नवरी रडत होती, नवऱ्याचाच धीर सुटला होता. "आता हिचं पुढं काय झालं?" साळूबाईनं विचारलं. "ते न्हाई दाखवत," तृप्ती म्हणाली. मग सारला.

वंदना वावरातून आली आणि दारातच थांबली. "आत्याबाई," ती म्हणाली, "तुरीत शेळ्या शिरल्यात."

साळूबाईनं मान वर केली. शेजारच्या तीन शेळ्या वाळत घातलेल्या तुरीत उभ्या होत्या आणि पोट भरल्यामुळं नुसत्या चघळत होत्या. लिंबाची सावली बाजेवर होती ती चालत पूर्वेच्या भिंतीला जाऊन टेकली होती. दोघी उन्हात बसल्या होत्या. मान आखडली होती. तोंडातली सुपारी कधीची मऊ पडली होती.

शेळ्या हाकलून वंदना आत गेली. तिचा पदर तोंडावर होता आणि खांदे हलत होते.

तृप्तीनं वाट बघितली. आता शिव्या येतील, फोनला, तो करणाऱ्याला, घेऊन देणाऱ्या बापाला. काही आलं नाही.

"मी घटकाभर बसले व्हते," साळूबाई म्हणाली. "घटकाभरच. दुपार कुठं गेली गं माझी?"

"जाती तशीच."

"वावराला बांध असतो. पात लावली की बांध येतोच, मंग माणूस कंबर सरळ करतं. याला बांधच न्हाई."

तृप्तीनं फोन घेतला. चालू केला नाही, नुसता धरला. "आज्जी, मला बी बंद करायचा असतो कधी कधी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "अंगठाच थांबत न्हाई."

साळूबाईनं तिच्या हाताकडं बघितलं. फोन विझलेला होता आणि पोरीचा अंगठा त्याच्या काळ्या काचेवर आपला वर सरत होता, परत खाली येत होता, परत वर. पोरीलाही त्याचा पत्ता नव्हता. इतके दिवस साळूबाई तिला आळशी म्हणत होती. आळशी माणसाचा हात असा चालत नाही.

तिनं तो अंगठा आपल्या मुठीत धरला. "चल," ती म्हणाली. "पात लावू."

पात म्हणजे खुरपताना प्रत्येक बाईच्या वाट्याला येणारी ओळ. या बांधाला बसायचं, त्या बांधाला उठायचं. मधे मान वर नाही, पाणी नाही, मिश्री नाही. जे काय असेल ते बांधावर. साळूबाईनं नवऱ्याचं जुनं धोतर पेटीतून काढलं आणि त्यावर कोळशानं रेघा ओढल्या, या काठापासून त्या काठापर्यंत.

"ही एक पात. मशीन चालू केलं की त्या काठाला थांबायचं. मंग बघ तुझा फोन, हवा तेवढा. मी काही म्हणणार न्हाई."

"हवा तेवढा?"

"शब्द हाय माझा. सरळ हाय ह्यो."

फोन कुठं ठेवायचा ते तृप्तीनंच ठरवलं. रांजणाच्या झाकणावर, दिसेल असा, हात पोचणार नाही असा. पहिल्या दिवशी तिनं सहा पाती घातल्या आणि एकही बांधाला लागली नाही. वीतभर गेलं की पाय थांबायचा, मान रांजणाकडं वळायची. साळूबाई शेजारी बसून फाटकी वाकळ शिवत होती आणि तोंडातली जीभ दातांखाली धरून होती. असं करणं तिला नव्यानं शिकावं लागत होतं. मशीन शिकण्यापेक्षा ते काही सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन पाती लागल्या. कुंचीची कापणी कशी करायची ते फोनातच निघालं. तेवढ्यापुरता तो कामाचा आहे हे साळूबाईनं मान्य केलं, मोठ्यानं नाही. पण कुंची बघता बघता पोरगी मेंदीवर गेली, मेंदीवरून कुणाच्या लग्नात, आणि तिथून परत यायला चहा दोनदा गरम करावा लागला.

तिसऱ्या दिवशी शिवता शिवता तिनंच विचारलं, "आज्जी, पात मागं राह्यली तर काय करायच्या तुम्ही?"

"सासू बांधावर उभी असायची. काय करायचं? ऐकून घ्यायचं." साळूबाईनं दोरा दातानं तोडला. "तुझा बाप पोटात होता तेव्हा माझी पात लई मागं राहायची. मालन आपली संपवायची आन गपचूप मागं वळायची. त्या बांधाकडून माझ्या पातीत बसायची. मी इकडून, ती तिकडून. मधे गाठ पडायची. सासूला कधी कळलं न्हाई. मालननं कधी सांगितलं न्हाई."

मशीनचा पाय थांबला होता. तृप्ती फोनकडं बघत नव्हती, पांढऱ्या कापडाच्या घडीकडं बघत होती. मग पाय परत चालू झाला आणि काठापर्यंत गेला.

सहाव्या दिवशी निळं साटीन कापलं. सातव्या दिवशी पांढरं. वंदनानं घडी धरली, तृप्तीनं कात्री चालवली आणि कात्री चालेपर्यंत घरात कुणी श्वास मोठ्यानं घेतला नाही. दुपारपर्यंत कुंची उभी राहिली. टोपीला चुण्या आल्या, घोळ खाली पडला, हनुवटीखाली बांधायच्या नाड्या लागल्या. राहिली होती एकच पात, आतल्या पांढऱ्या कापडाची, मानेपासून खालच्या काठापर्यंत.

तृप्तीनं ती सुरू केली. अर्ध्यावर आली. रांजणावर फोन टिणकला, एकदाच, नेहमीसारखा. मान वळली. पाय थांबायला हवा होता, तो थांबला नाही. पुन्हा खाली बघितलं तेव्हा सुई सरळ वाट सोडून दोन बोटं बाजूला गेली होती आणि पांढऱ्या कापडावर वाकडी शिवण पडली होती, बांध सोडून वावरात शिरलेल्या पायवाटेसारखी.

पोरगी रडली. आवाज न करता, कापडावर पाणी पडू नये म्हणून मान मागं घेऊन.

"उसवते मी," ती म्हणाली.

साळूबाईनं कापड दोन बोटांत धरून उजेडात बघितलं. "उसवू नको. सत्तर वर्षांचं हाय. उसवलं तर जाळी होईल. बांधापर्यंत जा आधी."

"वाकडं झालं तरी?"

"झालं ते झालं. पात अर्ध्यात सोडत न्हाईत."

तृप्तीनं डोळे पुसले आणि उरलेली शिवण काठापर्यंत नेली. ती सरळ होती. त्या दिवशी तिनं फोन उचलला तो थेट जेवणानंतर.

नामकरणाच्या दिवशी माणसं जमायच्या आधीच साळूबाई तृप्तीला घेऊन मालनबाईच्या घरी गेली. मालनबाई चुलीजवळ होती. तिनं हात पुसले, कुंची घेतली आणि जाणत्या बाया करतात तसं आधी उलटी करून आतून बघितली. बोट शिवणीवरून खाली गेलं आणि वाकडेपणावर थांबलं.

"मालन," साळूबाई उभ्यानंच म्हणाली, "माझी नात टेलर न्हाई. त्या दिवशी मी रील म्हणायचं ते रीळ म्हणाले. ते फोनातलं असतं ना, चित्रं सरकतात ते. दिवसभर ती ते बघती. तू दोऱ्याचं समजलीस आन मी समजू दिलं. ही कुंची तिनं सात दिवसात शिकून शिवलीय. वाकडी झालीय. तुझ्या आईच्या कापडावर झालीय."

चुलीवर काहीतरी खदखदत होतं. मालनबाईचं बोट तिथंच होतं.

"मी गावभर सांगितलं," ती म्हणाली.

"म्हाईत हाय."

"मिथुनला सुद्धा सांगितलं. तोंडावर सांगितलं, की आता तुझी गरज न्हाई."

"तेबी म्हाईत हाय."

"आईचं शेवटचं कापड होतं साळू." हे तिनं फार हळू म्हटलं.

मालनबाईनं वाकडी शिवण बोटांनी मोजली. "दोन बोटं," ती म्हणाली. मग तीच शिवण परत एकदा चाचपून, "आई माझी पाय ओढून चालायची. तिचं पाऊल बी असंच पडायचं, वाटेबाहेर. पोचायची मात्र." तिनं कुंची सरळ केली, झटकली. "बसा. चहा घ्या. आन लोकांपुढं काही बोलू नको. तुझी पात मागं राह्यली तेव्हा मी तुझ्या सासूला सांगितलं होतं का?"

माणसं जमली. पांढऱ्या लुगड्यातल्या बायांनी अंगण भरलं. बुद्धवंदना झाली, लेकराचं नाव सुमेध ठेवलं. निळ्या कुंचीत ते असं दिसत होतं की आलेली प्रत्येक बाई आधी कुंचीला हात लावायची, मग लेकराला.

"लई छान झालीय गं," दीपमाला म्हणाली. ती लेकरू मांडीवर घेऊन मधोमध बसली होती आणि सगळ्यांना ऐकू जात होतं. "किती वर्षं शिवतेस तृप्ती?"

साळूबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. मालनबाई तिच्याकडं बघत नव्हती; ती पाळण्याची दोरी पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

"आठ दिवस," तृप्ती म्हणाली.

"आठ दिवस?"

"त्याच्या आधी फोनात असायचे. आज्जी रील म्हणाली, मालन आज्जीनं रीळ ऐकलं. मंग शिकावं लागलं. आतून बघा, दोन बोटं वाकडी हाय."

एका म्हातारीला हसू फुटलं. तिच्यामागून दुसरीला. "साळूबाईचं रीळ," कुणीतरी म्हणालं, आणि सगळं अंगण हसलं. ते शब्द त्या दिवसापासून गावाला लागले. आता कुणी खरं बोलूनच फसवलं की लोक म्हणतात, हे साळूबाईचं रीळ झालं. पन्नास वर्षं जपलेला शब्द एका अक्षरात गेला. साळूबाई मान ताठ ठेवून बसली होती. लोकांना वाटलं, रागावली. ती नातीकडं बघत होती. पोरगी भर अंगणात, कुणी विचारलं नसतं तेसुद्धा, सरळ बोलली होती. ही जीभ कुठून आली ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात सुमेधनं पाय झाडले आणि कुंचीची एक नाडी सुटून दीपमालाच्या हातात आली. मालनबाईनं सुई-दोरा आणून दिला. तृप्ती दीपमालासमोर बसली, लेकराच्या हनुवटीखाली दोन बोटं घालून सुई सांभाळत नाडी लावायला लागली. तिच्या पर्समध्ये फोन वाजला. थांबला. परत वाजला.

"फोन वाजून राह्यला," दीपमाला म्हणाली.

"वाजू द्या वहिनी," तृप्ती मान वर न करता म्हणाली. "बांधावर आले की बघते."

दीपमालाला काही कळलं नाही. साळूबाई आणि मालनबाईनं एकमेकींकडं बघितलं. मालनबाई उठली, भरलेला तांब्या आणला आणि साळूबाईच्या हातात दिला. साळूबाई पाणी प्याली.

नाडी लागली. तृप्तीनं दोरा तोडला, पर्स उघडली आणि फोन काढला. मग घरापर्यंतची सगळी वाट तिचं तोंड त्यात होतं. साळूबाई पुढं चालत होती, मागं न बघता.

"दगड हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "नाली हाय." मारुतीच्या पारापाशी, "शेण हाय बघ."

"हं," मागून आवाज आला.

साळूबाई पुढं काही बोलली नाही. शब्द दिला होता. दुसरी पात उद्या लावायची होती, आणि पेटीत धोतर अजून बरंच शिल्लक होतं.